टेन्शनरला एक ग्रेस मार्क

ढिला म्हणजे किती ढिला? नाही, तुम्हीच सांगा, हा काय माणसाने गॅरेजमध्ये विचारायचा प्रश्न झाला? मेकॅनिक म्हणाला ढिला आहे, की आपण म्हणतो, बरं बाबा, बदल, आणि बाकावर बसून चहा मागवतो... संपलं! पण आमचे नृसिंह सर! अहो, आमच्याच बिल्डिंगमध्ये, सावेडीत, दुसऱ्या मजल्यावर राहतात. छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यातली पंधरा वर्षं बोर्डाचे पेपर तपासले, पुढं मॉडरेटर झाले, रिटायर होऊन दहा वर्षं लोटली, पण हातातलं लाल पेन काही सुटलं नाही! लग्नपत्रिका आली की आधी शुद्धलेखन तपासणार, आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या नोटिशीला तर त्यांनी एकदा दहापैकी चार दिले होते. अशा माणसाला कुणी नुसतं 'ढिला' म्हणून चालेल का? आकडा पाहिजे हो त्यांना, आकडा!

तर गाडी. सतरा वर्षांची डिझेल गाडी, मूळची चंदेरी, आता कसली आहे ते सरांनाही सांगवत नाही. चार वर्षांपासून तिला एक आवाज लागला होता. कसा म्हणता? ची...ई...ई...ई! सर सकाळी दुधाची पिशवी आणायला निघाले, हो, दुधाला गाडी, ते विचारू नका, की भिस्तबाग चौकातली कुत्री इकडं तोंड करून उभी राहायची. गाडीचा वेग वाढला की आवाज वाढणार, एसी लावला की आणखी वाढणार, आणि सर आत काचा लावून शांतपणे स्टिअरिंग धरून, जणू काही ती किंकाळी दुसऱ्याच कुणाच्या गाडीतून येतेय!

मागच्या महिन्यात मुलगा आला, अनीश. पुण्याला असतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत. स्टँडपासून घरापर्यंत त्या गाडीत बसला, कानात बोटं घालून, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाला, "बाबा, ही गाडी विकून टाका. तुम्हाला कुठं जायचं असेल ना, मला फोन करा, मी पुण्यात बसून कॅब बुक करून देतो."

पुण्यात बसून! सरांना ते फार लागलं. तसं बघा ना, शाळा सुटली, बोर्ड सुटलं, घरात टीव्हीचा रिमोट बायकोच्या, सुचित्राबाईंच्या उशाशी, काय भाजी करायची ते सुचित्राबाई ठरवणार, एक स्टिअरिंग तेवढं सरांच्या हातात राहिलं होतं. तेही गेलं तर माणसानं धरायचं काय? मग बरीच बाचाबाची झाली, आणि शेवटी बापलेकांत करार ठरला. अनीश आणि सून यामिनी पुढच्या महिन्यात येणार, रविवारी सगळ्यांनी याच गाडीनं भंडारदऱ्याला जायचं, चालवणार सर. गाडी जाऊन आली, तर विकायचा विषय कायमचा बंद. रस्त्यात बसली, तर त्याच संध्याकाळी अनीश तिचे फोटो काढून विक्रीला टाकणार. झालं! सरांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी परीक्षा, आणि पेपर लिहिणार कोण, तर गाडी!

शुक्रवारी सर गाडी घेऊन नागापूरला, काकासाहेबाच्या गॅरेजात. आता हा काकासाहेब म्हणजे सरांचाच विद्यार्थी, आणि विद्यार्थी कसला, नववीला सरांच्याच विषयात नापास झालेला! चौतीस मार्क. पस्तीसला पास. बाप येऊन हात जोडून उभा राहिला, हेडमास्तर म्हणाले, द्या हो एक मार्क, कुठं बिघडतंय... पण सर तेव्हा नवे नवे, रक्त गरम, "नियम म्हणजे नियम!" पोरगं नापास झालं, शाळा सोडून गॅरेजात लागलं, आणि आज त्याच्या हाताखाली चार माणसं आहेत. तरी सर दिसले की आधी हात धुणार, मग पाया पडणार. असा सज्जन माणूस.

त्यानं बॉनेट उघडलं, गाडी चालू ठेवली, आणि बोट दाखवलं. "हे बगा सर. हा इंजनावरचा पट्टा. आन् त्याला ताणून धरती ती ही दांडी, टेन्शनर. पट्टा फिरतोय तवा हिनं गप ऱ्हायला पायजे. ही बगा कशी थरथर कापती."

"कापत असेल. थंडी आहे," सर म्हणाले. मे महिना होता हो!

काकासाहेबानं गाडी बंद केली, दांडीला लांब पाना लावला आणि दाबला. दांडी गेली बाजूला, अगदी सुखानं. सोडली, तर परत कशी आली? दुपारी झोपेतून उठवलेल्या माणसासारखी, रेंगाळत. "बगितलं का? दाबताना जोर लागला पायजे, आन् सोडली की खट्‌दिशी माघारी आली पायजे. आतली स्प्रिंग मेलीय. लई ढिला पडलाय, सर. पट्टा घसरतोय म्हनून वरडतोय. पार्ट हाय माझ्याकडं, तासादीडतासाचं काम. बदलून टाकू."

आता तुम्ही-आम्ही काय म्हटलं असतं? बदल! सर काय म्हणाले?

"ढिला म्हणजे किती ढिला?"

"लई."

"लई हे माप नाही, काकासाहेब. न्यूटनमध्ये सांग."

"न्यूटन आपल्याकडं कामाला न्हाई, सर."

"तुला स्प्रिंगचा नियम तरी आठवतो का? नववीचा? भार वाढला की स्प्रिंगचं काय होतं?"

काकासाहेबानं मान खाली घातली. "नियम तवाबी येत नव्हता, सर. स्प्रिंग तेवढी कळती."

खरं सांगू का? सर आतून घाबरले होते. गाडीत दोष आहे म्हटलं की अनीशचं बरोबर ठरतं, आणि दोष कुणी काढला, तर चौतीसवाल्यानं! दोन्ही एकदम गिळायचं म्हणजे जड जातं हो माणसाला. मग त्यांनी छाती पुढं काढली आणि म्हणाले, "एका परीक्षकाच्या मतावर बोर्ड कुणालाही नापास करत नाही. फेरतपासणी होईल. तो पाना दे इकडं." आणि पाना काखेत मारून, ची...ई...ई करत, आले सावेडीला परत!

शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये टेबल मांडलं. टेबलावर कागद, लाल पेन, पाण्याचा तांब्या. बॉनेट उघडं. सोसायटीतल्या लोकांना बोलवायला सुरुवात... मी? मी खिडकी लावून घेतली आणि घरात नाही असं सांगायला लावलं, मला ओळखत नाही का तुम्ही! पण वरचे भागवतराव सापडले. सरांनी त्यांच्या हातात पाना दिला आणि म्हणाले, "दाबा, सोडा, आणि शंभरपैकी गुण द्या."

"कशाला?"

"टेन्शनरला."

"पण मला त्यातलं काही कळत नाही."

"उत्तम. म्हणजे पूर्वग्रह नाही."

भागवतरावांचा गुडघा दुखतो, वाकायला नको म्हणून त्यांनी पाना लांबूनच टेकवला, दाबल्यासारखं केलं आणि विचारलं, "किती ढिला असला म्हणजे ढिला म्हणायचा?" आता हा प्रश्न सरांचाच होता ना! सर म्हणाले, "तेच तर तुम्ही ठरवायचंय." भागवतरावांनी मग बिचाऱ्यांनी पन्नास दिले. सभ्य माणूस, कुणाचं मन दुखवायला नको म्हणून सगळ्यांना पन्नास देईल.

दुसरे परीक्षक स्वतः सर. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, पाना दोन्ही हातांनी धरला, दाबला... वय अडुसष्ट, खांद्याचं दुखणं जुनं, दांडी हलली की सरच हलले हे बघणाऱ्याला कळेना. पण सरांनी घाम पुसला आणि लिहिलं, "विरोध समाधानकारक. छप्पन." छप्पन! पंचावन्न नाही, साठ नाही. बोर्डाचा माणूस. आणि लिहून झालं की कागदाची घडी घालायची, आधीच्याचे मार्क पुढच्याला दिसता कामा नयेत म्हणून, ही बोर्डाची शिस्त टेन्शनरलासुद्धा!

मग खाली आल्या सुचित्राबाई, भाकरीचं पीठ हाताला तसंच. "काय चाललंय तुमचं? उद्या आठला निघायचंय आणि तुम्ही गाडी उघडी टाकून सभा भरवलीय!" तरी पाना घेतला, एका हातानं दाबला, सोडला. "जाते लगेच, पण परत यायला आढेवेढे घेते. वीस."

"वीस? अगं, ढिला म्हणजे किती..."

"तुम्हाला दूध तापायला ठेवलंय सांगितल्यावर तुम्ही उठून गॅस बंद करता, तितका!" आणि गेल्या वर. यावर परीक्षकाला नोंद काय करायची सांगा?

चौथ्या राहीबाई. आमच्या जिन्याची झाडलोट करतात, पाथर्डीकडच्या, बारा-चौदा हंगाम ऊसतोडीला जाऊन आलेल्या. त्या आधी तयारच होईनात. "मी कोन मार्क देनारी, सर? मला अंगठाच येतो." सर म्हणाले, "अंगठ्यानंच दाबा." राहीबाईंनी झाडू भिंतीला टेकवला, पाना धरला, आणि काय सांगू, दांडी अशी गेली अशी गेली, की सरांच्या तोंडून "हळू!" निघालं. "ह्यात काय दम न्हाई, सर. मोळी बांधायला उसाचं वाढं आवळतो ना आमी, ते बी ह्याच्यापरीस ताठ असतं. धा."

आता बेरीज. पन्नास आणि छप्पन, एकशे सहा, त्यात वीस, त्यात दहा... एकशे छत्तीस. भागिले चार.

चौतीस.

पुन्हा मांडलं. पुन्हा चौतीस! सर टेबलाशी बसून राहिले. म्हणजे नियम म्हणजे नियम, गाडी नापास, काकासाहेबाकडे जायचं, तासादीडतासाचं काम, संपला विषय. माणसानं छत्तीस वर्षं नियमाने काढली ना? पण आतल्या आत काहीतरी बोललं त्यांच्याशी... सतरा वर्षांची गाडी. अनीशला बारावीच्या परीक्षेला हिनंच नेलं. सुचित्राबाईंना दवाखान्यात हिनंच पोचवलं. एका मार्कासाठी तिला नापास म्हणायचं, आणि अनीशचं खरं करायचं? तुम्हाला सांगतो, सरांनी आजूबाजूला बघितलं, आणि चौतीसच्या पुढं लाल पेनानं हळूच लिहिलं, अधिक एक. ग्रेस. पास.

रविवारी सकाळी अनीशनं विचारलंच, "बाबा, गाडी नीट दाखवून घेतली ना?"

"पास आहे," सर म्हणाले. खोटं बोलले का? नाही! अक्षर न् अक्षर खरं. नुसता निकाल सांगितला, गुणपत्रिका दाखवली नाही.

निघाली मंडळी. पुढं सर आणि सुचित्राबाई, मागं अनीश आणि यामिनी, डब्यात गुळपोळ्या, पाण्याचा मोठा थर्मास, भंडारदऱ्याला धरणाकाठी बसून खायच्या तयारीत. गाडी ची...ई...ई करत मनमाड रस्त्याला लागली. मे महिना, सकाळपासूनच उकडत होतं, यामिनी हळूच म्हणाली, "एसी लावायचा का, बाबा?" सुनेनं पहिल्यांदा काही मागितलं, नाही कसं म्हणणार? सरांनी बटण दाबलं. आवाज जो चढला, जो चढला, शेजारून चाललेला टेम्पोवाला घाबरून बाजूला झाला, आणि मग...

फट्!

आणि एकदम शांत. समोर लाल दिवा लागला, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, सरांनी दात ओठ खात गाडी कशीबशी कडेला घेतली. कुठं थांबली असेल? राहुरी? संगमनेर? अहो, नागापूर! घरापासून सहा किलोमीटर! आणि नागापुरात तरी कुठं, तर काकासाहेबाच्या गॅरेजपासून चाळीस पावलांवर. भंडारदरा तिथून सव्वाशे किलोमीटर पुढं, गुळपोळ्या अजून गरम!

आणि अनीश? नुसता खाली उतरला, मोबाईल काढला आणि गाडीचा पुढून एक फोटो घेतला, बाजूनं एक घेतला. सर बघत होते. तुम्हाला सांगतो, पोटच्या पोरानं आपल्या गाडीचे असे शेवटचे फोटो काढताना बघणं, हसू नका, वाईट वाटतं.

काकासाहेब धावत आला. रविवारी अर्धा दिवस उघडं असतं त्याचं. माणसं लावून गाडी ढकलत आत घेतली, बॉनेटचा खटका ओढायला आत वाकला, तर डॅशबोर्डवरून एक घडी घातलेला कागद त्याच्या पायाशी पडला. त्यानं उचलला, उघडला, आणि वाचायला लागला, मोठ्यानं! "भागवतराव पन्नास... स्वतः छप्पन... सौ. वीस... राहीबाई धा... सरासरी चौतीस..." आणि थांबला. कागद डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "अधिक एक."

अनीशचा मोबाईल हातातच राहिला.

"सर," काकासाहेब म्हणाला, अगदी हळू, "आमच्या टायमाला हा एक मार्क कुठं हुता वो?"

आता 'नियम म्हणजे नियम' म्हणणार? सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. त्यांना रडू येत होतं, आणि ते येतंय हे सगळ्यांना दिसत होतं. "त्या वेळी मी नवा होतो रे, काकासाहेब," ते म्हणाले. "चुकलं माझं. तेव्हाही चुकलं आणि कालही चुकलं."

"जाऊ द्या वो, सर. पास झालो असतो तर कुठं तरी फायली उचलीत बसलो असतो." काकासाहेबानं कागद त्यांच्यापुढं धरला. "पन ह्याला दिला त्यो तेवढा काढून घ्या. लायकी न्हाई ह्याची."

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि अधिक एक खोडला. मग काकासाहेबानं जुना टेन्शनर काढला, नवा बसवला, नवा पट्टा चढवला, आणि सरांना जवळ बोलावून त्यांच्या हातात पाना दिला. "आता बगा दाबून. तुमी विचारलं हुतं ना, ढिला म्हंजी किती? आधी घट्ट म्हंजी किती ते बगा." सरांनी दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं, पाय रोवून दाबलं, दांडी जेमतेम बोटभर सरकली, आणि सोडल्याबरोबर खट्! सर चमकून मागं सरले. "असा असतो होय? आणि जुन्याला मी छप्पन दिले? अरे, मला परीक्षक केला कुणी?"

अनीश हे सगळं ऐकत होता. बत्तीस वर्षांत वडिलांनी 'चुकलं' म्हटल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं, आणि आज एका तासात तीनदा! त्यानं मोबाईल गुपचूप खिशात टाकला. म्हणाला, "बाबा, अजून दहाच वाजलेत. चला भंडारदऱ्याला. गाडीचं इथलं बसणं धरत नाही मी. गेली-आली तर गाडी तुमची."

आणि तुम्हाला सांगतो, गेली हो! लोण्यासारखी गेली. एसी लावला तरी हूं की चूं नाही. राहुरी गेली, संगमनेर गेलं, अकोले गेलं, राजूरचा चढ चढली, धरणाकाठी गुळपोळ्या खाल्ल्या, परतही आली. गाडी राहिली, स्टिअरिंग राहिलं, सर जिंकले! इथं मी गोष्ट संपवली असती तर किती बरं झालं असतं.

पण चार वर्षांनी गाडी गप्प बसली होती ना! आणि आतलं सगळं ऐकू यायला लागलं. नागापूर सोडल्यावर पहिल्यांदा आली, टिक्‌-टिक्‌-टिक्‌. सर म्हणाले, "हे काय वाजतंय?" सुचित्राबाई म्हणाल्या, "उजवीकडचा इंडिकेटर. तुमचा कायम चालू राहतो. चार वर्षं सांगतेय मी, आणि तुम्ही नुसती मान हलवता!" सरांना वाटायचं, ही बाहेरची शेतं दाखवतेय. मग मागून यामिनी अनीशच्या कानाशी, अगदी दबक्या आवाजात, "बाबा गिअर किती उशिरा बदलतात ना?" ऐकू आलं. अनीश, "हळू बोल, ऐकू जाईल." तेही ऐकू आलं! आणि सुचित्राबाई तर काय, चार वर्षांची थकबाकी. "पुढं टेम्पो आहे." दिसतोय. "मग ब्रेक दाबा." दाबलाय. "आत्ता दाबलात, मी म्हटल्यावर." सव्वाशे किलोमीटर जाताना आणि सव्वाशे येताना, एकही शब्द वाया गेला नाही. संगमनेरपाशी सरांनी एसी फुल केला, काहीतरी ओरडेल या आशेने. नाही ओरडलं.

सोमवारी सर पाना परत करायला नागापूरला गेले. काकासाहेबानं हात धुतले, पाया पडला, चहा मागवला. सर बाकावर बसले, चहा संपवला, मग इकडं तिकडं बघत म्हणाले, "काकासाहेब, तो जुना टेन्शनर आहे का रे?"

"भंगारात गेला, सर. का वो?"

"काही नाही," सर म्हणाले. "तसा अगदीच वाईट नव्हता रे तो."